सांजगढीची पंगत

ती क्लिप अर्ध्या मिनिटाचीही नव्हती. तेवढ्यात देवासच्या यच्चयावत मराठी घरांनी आमच्या किमयाला घरभेदी ठरवून टाकलं. मी जन्मभर शाळेत पीटी शिकवली. शिट्टी वाजायच्या आत जी पोरं पळत सुटायची, त्यांना मी कान धरून रेघेवर परत आणत असे. पण इथे शिट्टीआधी पळालेले सगळे पिकल्या केसांचे होते, आणि त्यांचे कान धरायचे तर आधी 'नमस्कार दादा' म्हणावं लागतं.

किमया माझी भाची, म्हणजे धाकट्या भावाची, तरुणची मुलगी. ती शाळेत होती तेव्हाच तिची आई गेली, तेव्हापासून मी तरुणच्याच घरी राहते. आमची आई, माई, तीही इथेच. किमया मुंबईत मालिकांच्या कलाविभागात काम करते. पडद्यावर जे जे दिसतं आणि बोलत नाही, ते सगळं जमवायचं हे तिचं काम: भांडी, दिवे, अंथरुणं, जेवणाची पानं. तिनं काम केलेली 'सांजगढी' नावाची हिंदी मालिका यंदा आली. आठ भागांची, टीव्हीवर हवी तेव्हा लावता येणारी. गढी काल्पनिक, वेढा काल्पनिक, माणसं काल्पनिक. तसं प्रत्येक भागाच्या सुरुवातीला ठळक अक्षरांत लिहूनच येतं.

त्या गढीच्या किल्लेदाराचं नाव सुभानजी वाघधरे. आडनाव आमचं. लेखकाला एखादं जुनं, न वापरलेलं आडनाव हवं होतं, आणि किमयानं कौतुकानं स्वतःचं दिलं.

झालं, पहिले दोन भाग आले आणि आमच्या चुलतभावाला, मोरोपंतदादांना, पूर्वज सापडला! मोरोपंतदादा आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. तहहयात असल्यासारखेच. सुभानजी तलवार घेऊन बुरुजावर उभा आहे, असा त्या नटाचा फोटो त्यांनी मंडळाच्या दाराशी फ्लेक्सवर लावला आणि खाली छापलं, 'आमचे मूळपुरुष'. पेढे वाटले. काल्पनिक माणसाचे वंशज होण्याचा पराक्रम आमच्या घराण्यानेच करावा. आमचे खरे पूर्वज मराठी लष्कराबरोबर माळव्यात आले ते घोड्यांची खोगिरं शिवायला. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही, पण खोगिराचा फ्लेक्स लागत नाही ना. गणेशोत्सवाच्या शेवटच्या दिवशी किमयाचा सत्कार करायचा हेही दादांनी तेव्हाच जाहीर करून टाकलं.

मग चौथा भाग आला.

चौथ्या भागात गढीला वेढा पडलेला आहे. आतलं धान्य संपत आलंय. एके संध्याकाळी सुभानजी एकटाच शत्रूच्या छावणीत जातो. शत्रू म्हणजे भैरवराव नावाचा शेजारचा जहागीरदार. सुभानजी त्याच्यापुढे कमरेत वाकून मुजरा करतो, त्याच्या पंगतीला बसून जेवतो, आणि निघताना त्याच्या हातून मानाचा शेला घेतो. दादांचा मुलगा अंशुल मंडळाचा सचिव आहे. त्यानं एवढंच कापून काढलं. मुजरा, घास, शेला. खाली लिहिलं, 'अपने ही लोग अपने पूर्वजों को गद्दार दिखा रहे हैं', आणि दिलं सोडून. हाटपिपल्याहून, सतवासहून, जिथे म्हणून आमचं एखादं घर आहे तिथून फोन. फ्लेक्स उतरला. आदल्या आठवड्यात किमयाचं नाव घेऊन पेढे खाणारी तोंडं तिच्या नावानं बोटं मोडायला लागली.

दादा स्वतः घरी आले. सोफ्यावर ऐसपैस बसले, माईच्या पाया पडले, आणि तरुणला म्हणाले, "पोरीला समजवून सांग. शेवटच्या दिवशी आरती झाली की स्टेजवर यायचं, हात जोडायचे, माफी मागायची. मग शाल-श्रीफळ देऊनच टाकू. आपल्याला काही दुश्मनी नाही काढायची."

"आणि नाही मागितली तर?" मी विचारलं.

"तर मग पंगतीला कशाला यायचं? समाजात राहायचं तर समाजाचं ऐकावं लागतं, दुर्गा. माईकाकूंचं सहस्रचंद्रदर्शन आहे ना दिवाळीनंतर? तेव्हा चार माणसं लागतीलच की."

माझ्या आईच्या मानाच्या दिवसाची ही अशी भीती घातली त्या माणसानं, तिच्याच पाया पडून! माझं डोकं फिरलं. "तुम्ही मालिका पाहिली का दादा?"

"चौथा भाग पाहिला ना. त्याच्यानंतर बंद. बहिष्कार म्हणजे बहिष्कार."

"चौथा भाग पाहिला की क्लिप?"

"एकच ते," दादा म्हणाले.

तरुण मान डोलवत राहिला. कारखान्यात हा फोरमन आहे, अख्ख्या खात्याला फैलावर घेतो. दादांसमोर मात्र तोंडाला कुलूप. ते गेल्यावर मला म्हणतो, "ताई, दोन शब्दांनी मिटत असेल तर मिटवून टाकू ना. कशाला लफडा वाढवायचा?"

गणपतीला किमया मुंबईहून आली ती थकलेलीच. बॅग ठेवली, चहा घेतला आणि म्हणाली, "मागते ना माफी. आजीचा कार्यक्रम बिघडायला नको."

"अगं पण कशाची माफी? काय चुकलंय तुझं?"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "आत्या, तू पाहिलीस मालिका?"

"अख्खी पाहिली. आठही भाग."

"काय करत पाहिलीस?"

आता हे काय विचारणं झालं? भुट्ट्याचा कीस करायचा होता, मी परात घेऊन टीव्हीसमोर बसले होते. डोळे किसणीवर, कान टीव्हीवर. डोळे किसणीवर नाही ठेवले तर बोटं जातात. तसं मी तिला सांगितलं.

"मग सुभानजी कसा माणूस वाटला तुला?"

"फितूर. आता तू काम केलंयस म्हणून मी बाहेर बोलत नाही, पण सगळे त्याला तेच म्हणतात ना तिथे? शेवटी गढीतलेच लोक दगड मारतात त्याला."

ती हसली, पण ते हसणं मला आवडलं नाही. "म्हणजे तुझं आणि मोरोपंतकाकांचं मत एकच आहे. तू फक्त माझी बाजू घेऊन राहिली आहेस."

मला हे फार लागलं. मी चिडले. "मग काय आहे ते सांग की सरळ!"

"सांगूनच टाकायचं असतं तर दाखवलं कशाला असतं?" असं म्हणून ती आंघोळीला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हात रिकामे ठेवून चौथा भाग लावला. शेजारी माई. माईला ऐकू फार कमी येतं, कानाचं यंत्र तिला चावतं, आणि ती दरबारी हिंदी तर तिच्या डोक्यावरूनच जाते. "तो खडखडाट बंद कर," ती म्हणाली. मी आवाज पूर्ण बंद केला. छावणीतली पंगत आली. भैरवराव तोंड उघडून हसतोय, मशाली हलतायत, सुभानजी खाली मान घालून जेवतोय.

"हा जेवत का नाहीये गं?" माईनं विचारलं.

"जेवतोय की माई!" मी ओरडून सांगितलं.

"कुठे जेवतोय? मीठ सारलंन त्यानं पानाबाहेर. भाजीला बोट लावलं नाही. दहीभात कालवतोय नुसता."

मी मागे घेतलं. पुन्हा लावलं. पळसाच्या पानावर वरच्या बाजूला मधोमध चिमूटभर मीठ आहे. आपल्याकडे असतं तसंच. पान मांडलं की आधी मीठ, मग बाकीचं. मीठ वाढलेलं नसेल तर माझी आई अजूनही घासाला हात घालत नाही. भैरवराव कुणाकडे तरी वळून हसतो, आणि तेवढ्यात सुभानजी, मुंगी झटकावी तसं, बोटाच्या पाठीनं ते मीठ पानावरून मातीत लोटतो. कॅमेरा थांबत नाही. संगीत वाजत नाही. कुणी काही बोलत नाही. तो मुजरा करतो, शेला घेतो, त्या माणसाच्या पंगतीला बसतो, पण त्याचं मीठ खात नाही, भाजीतलंसुद्धा. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी बेइमानी करता येत नाही, म्हणून तो ते पोटात जाऊच देत नाही. त्याचं इमान गढीतच ठेवून आलाय तो.

तशीच उठून मी दाराची कडी लावली, कुणी मध्ये येऊ नये म्हणून, आणि पुन्हा पहिल्यापासून बसले.

मग एकेक दिसायला लागलं. पंगतीत वाढणारी एक म्हातारी आहे. तिला नावसुद्धा दिलेलं नाही. ती मिठाची वाटी घेऊन सुभानजीपाशी थबकते, पानावरची रिकामी जागा बघते, मग त्याचा चेहरा बघते, आणि न वाढता पुढे जाते. नंतर भैरवराव तिला विचारतो, "जेवला का तो?" ती म्हणते, "पोटभर, हुजूर." हे वाक्य पहिल्या वेळी मी ऐकलं होतं आणि मला ते उगाच घातल्यासारखं वाटलं होतं. ती धडधडीत खोटं बोलत होती, आणि मी भुट्टे किसत होते. पुढे सहाव्या भागात भैरवरावाच्या तोफांची दारू भिजलेली निघते. कुणी भिजवली ते मालिकेत कधीच सांगत नाहीत. पण त्या सकाळी ही म्हातारी मागून नुसती चालत जाते, आणि तिच्या लुगड्याचा काठ ओला आहे. आणि आठव्या भागात? दगड खाऊन सुभानजी पडलेला आहे, बोलता येत नाही, भोवती सगळी गढी त्याला शिव्या देतेय. गढीची मालकीण जवळ येते, कमरेच्या बटव्यातून चिमूट काढते आणि त्याच्या जिभेवर ठेवते. मी समजले होते काहीतरी औषध असेल. अगं, मीठ होतं ते! गढीचं मीठ. तिला कळलं होतं, आणि तिनं एवढ्याशा चिमटीत ते कबूल केलं. तो डोळे मिटतो. गढीतले लोक शेवटपर्यंत त्याला फितूरच म्हणत राहतात. आणि आम्ही, घरात बसून, त्यांच्याबरोबर.

पहिल्यांदा बघताना माणूस पुढे काय होतं याच्यामागे धावतो. जीव त्यातच अडकलेला असतो. दुसऱ्यांदा पुढचं ठाऊक असतं, मग डोळे मोकळे होतात आणि ते हातांकडे, पानांकडे, मागे उभ्या असलेल्या बायकांकडे जातात. तिथेच सगळं ठेवलेलं होतं. तिसऱ्या वेळी मला कळलं की शब्द ऐकणाऱ्यांना ही मालिका मुद्दाम गढीतल्या लोकांच्या रांगेत उभं करते, हातात दगड देऊन. मला स्वतःचा राग आला. आणि त्याच्या दसपट त्या क्लिपचा.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी किमयाला धरलं. "ते मीठ तुझं?"

ती म्हणाली, "तिथे आधी दोन पानांचं भाषण होतं. छावणीत जाताना सुभानजी स्वतःशी बोलतो, मी बेइमान नाही वगैरे. मी म्हटलं भाषण काढा. आमच्याकडे पानात आधी मीठ वाढतात, ते त्यानं खाऊ नये, बस. डायरेक्टर म्हणाले कुणाला कळणार? मी म्हटलं आमच्या लोकांना तर कळेलच. देवासला, धारला सगळ्यांना कळेल. माझी आजी तर ओरडेल."

ओरडली होतीच तिची आजी.

शूटिंग धारजवळच्या माळावर होतं तेव्हा मी एकदा डबा घेऊन गेले होते, ते मला आठवलं. ही पोरगी भर उन्हात जमिनीवर गुडघे टेकून पानं मांडत होती. धारच्या हाटातून पळसाची पानं आणायची, धुवायची, मांडायची. एक शॉट झाला की सगळी पंगत उचलायची आणि पुन्हा पहिल्यासारखी मांडायची, मीठसुद्धा तिथल्या तिथेच. मी तिला म्हटलं होतं, "अगं एवढं कोण बघणार आहे?" ती म्हणाली होती, "आपले लोक बघतील ना, आत्या."

आणि आपल्या लोकांनी काय केलं?

मी तिथून उठले ती थेट दादांच्या घरी. दादा आणि अंशुल बैठकीतच होते. अंशुलची बायको अल्पना चहा ठेवायला आत गेली. मी कुणाला काही न विचारता त्यांचा टीव्ही लावला, चौथा भाग काढला आणि म्हटलं, "दादा, एवढी पंगत बघा. फक्त पानाकडे बघा."

"तू मला शिकवू नकोस, दुर्गा."

"शिकवत नाहीये. हात जोडते. बघा."

पंगत सुरू झाली आणि दादांचा फोन वाजला. मांडववाल्याचा होता. "हां भिया, बोलो," करत ते बोलत राहिले, आणि मीठ मातीत पडलं ते त्यांच्या डोळ्यांसमोर, डोळे उघडे असताना. मी पुन्हा लावलं. या वेळी त्यांनी बघितलं. "मग काय झालं? मीठ जास्त झालं असेल. जेवला ना तो तिथे? त्याच्या मांडीला मांडी लावून बसला ना?"

"अहो मीठ नाही खाल्लं त्यानं त्याचं! दादा, आपल्या घरी मीठ वाढल्याशिवाय पान सुरू होतं का?"

"इतकं बारीक कोण बघतं? लोकांना दिसलं पाहिजे. लोकांना जे दिसत नाही ते नसतंच."

अंशुल मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "आत्या, पब्लिक एकदाच देखती है, तेही डबल स्पीडवर. दुसऱ्यांदा कोण बघतंय भिया?"

मला भिया, म्हणजे भाऊ, म्हणाला. मी त्याला चड्डी सावरता येत नव्हती तेव्हापासून ओळखते. "डबल स्पीडवर जेवतोस का रे?" मी ओरडले. "डबल स्पीडवर आरती म्हणतोस? एक मुलगी वर्षभर गुडघ्यावर बसून काहीतरी मांडते, आणि तू अर्ध्या मिनिटात तिला कापून वाटून टाकतोस? आणि माफी तिनं मागायची?"

"आवाज खाली," दादा म्हणाले. "माफीचं ठरलंय. अंशुलनं मजकूर टाईप करून ठेवला आहे. वाचेल ती."

अल्पना चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारात उभी होती. ती केव्हापासून उभी होती मला माहीत नाही. तिची नजर टीव्हीवर होती, आणि टीव्हीवर ती म्हातारी मिठाची वाटी घेऊन पुढे चालली होती. चहावर साय धरली होती. मी चहा न घेता निघाले. मंडळाच्या मांडवावरून येताना रिकामं स्टेज दिसलं आणि मला दगड भिरकावावासा वाटला, खोटं कशाला सांगू.

घरी येऊन मी किमयाला बजावलं, "तू स्टेजवर जाणार नाहीस. सहस्रचंद्रदर्शन आपण घरच्या घरी करू. चंद्र काही मंडळाच्या मालकीचा नाही."

"जाऊ दे आत्या," ती म्हणाली. "मी बघते काय करायचं ते."

शेवटच्या दिवशी आरती झाली. मांडव भरलेला. दादांनी माईक हातात घेऊन मोठेपणा, क्षमा, समाज असं बरंच काही म्हटलं, आणि किमयाला वर बोलावलं. अंशुलनं आपला मोबाईल तिच्या हातात दिला. तिनं तो हिंदी मजकूर शब्दन् शब्द वाचला. मैंने अपने पूर्वज का अपमान किया. समाज मुझे क्षमा करे. एकही शब्द गाळला नाही. न झालेल्या पूर्वजाचा न झालेला अपमान, आणि ही पोर त्याची क्षमा मागतेय! मी उठणार तेवढ्यात माईनं माझा पदर गच्च धरून मला खाली बसवलं. तिला माईकवरचं काहीच कळलं नव्हतं. ती फक्त किमयाकडे बघत होती.

किमया दादांसमोर कमरेत वाकली. अगदी खालपर्यंत. दादांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला. टाळ्या पडल्या. तरुणनं डोळे पुसले, मिटलं एकदाचं म्हणून. मला दोघांचाही राग आला, वाकणारीचा आणि पुसणाऱ्याचा. काय उपयोग त्या आठ भागांचा, मी मनात म्हटलं. जी इतकं मांडू शकते तीच जर अशी मोडली, तर कुणासाठी बघायचं सारखं सारखं?

मग पंगत बसली. माई, किमया आणि मी शेजारी शेजारी. तरुण पुरुषांच्या ओळीत. पत्रावळी मांडल्या गेल्या. मीठ वाढायला अल्पना होती. तिनं प्रत्येक पानाच्या वर मधोमध चिमूट ठेवली आणि पुढे गेली. मागोमाग चटणी, कोशिंबीर, बटाट्याची भाजी, पुऱ्या, साधा भात, दही, बाप्पाचा मोदक. श्लोक झाला. मी रागानं पानाकडेसुद्धा बघत नव्हते. पण नजर शेजारी गेली. आता ती जातेच. सवय लागली आहे.

किमयानं आधी मोदक खाल्ला. बाप्पाशी तिचं भांडण नव्हतंच. मग समोरच्या ओळीकडे बघत, कुणाला तरी ओळखीचं हसत, तिनं बोटाच्या पाठीनं मीठ पत्रावळीवरून खाली लोटलं. दही ओढलं आणि भात कालवायला लागली. भाजीला हात नाही.

मुजरा झाला होता. शेला खांद्यावर होता.

गेला आठवडाभर जो राग मी नुसता तोंडानं काढत होते त्याला एकदम बसायला जागा सापडली. ही मोडली नव्हती. हिनं मला बजावून सांगितलं होतं की सांगून टाकायचं नसतं, आणि तरी मी तिच्या तोंडचे शब्दच ऐकत बसले होते. मी माझं मीठ लोटलं. बटाट्याची भाजी मला फार आवडते, आणि त्या दिवशीची तर वासावरून फक्कड झाली होती. ती मी बाजूला सारली. वळून पाहिलं तर माईच्या पानावर मीठ नव्हतंच. ते कधीच खाली सतरंजीवर पोचलं होतं, आणि ती दहीभाताचा घास शांतपणे चावत होती.

दादा ओळीओळीतून फिरत, सावकाश होऊ द्या म्हणत आमच्यापाशी आले. चेहरा प्रसन्न. "बघ दुर्गा, झालं ना सगळं गोड? उगाच आकांडतांडव करून राहिली होतीस." मग त्यांचं लक्ष पानांकडे गेलं. "अरे, यांच्या पानात मीठच नाही! माईकाकूंच्यासुद्धा नाही. काय वाढता रे तुम्ही लोक? अल्पना! मीठ आण इकडे."

अल्पना वाटी घेऊन आली. ती वाढायला वाकली आणि थांबली. तिनं पानावरच्या रिकाम्या जागा पाहिल्या. सतरंजीवरचं मीठ पाहिलं. मग किमयाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी हातातला घास तसाच धरून बसले.

"वाढ ना," दादा म्हणाले.

अल्पना सरळ उभी राहिली. "मीठ संपलं, मामंजी."

"बरं, मग जिलबी पाठव इकडे," दादा म्हणाले, आणि पुढच्या ओळीकडे वळले. वाटी काठोकाठ भरलेली होती आणि ती त्यांच्या नाकासमोरून गेली.